जिन्यावरचं ताट

वहिनी, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजी खूश झाले, आम्हीही झालो. खाडीकडच्या त्या शेडवरचे कावळे कुणाच्याही पिंडाला शिवतात, त्यात विशेष काही नाही. पण मागे उभ्या असलेल्या बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. 'एवढ्या लवकर?' असं एकजण म्हणालीसुद्धा. उशीर झाला असता तरी बोलल्याच असत्या. तुझं काहीच त्यांना कधी साधं वाटलं नाही. डॉक्टरने न्यूमोनिया लिहिला, आणि खाली पार्किंगमध्ये ठरलं की 'त्याने' तुला नेलं.

मला गळा काढता येत नाही, तुला माहीत आहे. पण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते असं वाऱ्यावर सोडायचं माझ्या जिवावर येतं.

तू माझ्या सख्ख्या भावाची बायको होतीस, आणि त्याला तू मारलंस. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय. आपलं सगळं भांडण या एका वाक्याचं होतं.

त्या सकाळी दादाने सायलीला पहिल्यांदा मारलं. तुला तो मारायचाच. आपल्या घाटकोपरच्या चाळीत त्याचं कुणाला नवल नव्हतं, मलाही नव्हतं. पण सायली तेव्हा दुसरीत होती. तू तिला माझ्याकडे मुलुंडला आणून सोडलंस. चहा घेतलास, कप धुऊन ठेवलास, आणि म्हणालीस, 'वन्सं, आजच्या दिवस राहू दे.' मी कारणही विचारलं नाही. परत जाऊन तू तांदूळ निवडलेस. आई गावाला होती. दादा दुपारपाळीहून लवकर येऊन कॉटवर झोपला होता, त्या दिवशी दारूही प्यायला नव्हता. तू वरवंटा घेतलास. मग तो विसळून पाट्यावर होता तसा ठेवलास, भाताचा कुकर लावलास आणि शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलंस, 'पोलिसांना बोलवा. मी यांना मारलंय.'

लोक वरवंट्याने हादरले नाहीत. कुकरने हादरले.

'भात कसा लावला असेल गं?' हे मला स्मशानात विचारलं गेलं. दादाचं काय झालं, कसं झालं, ते नाही. भात. मी नंतर तुला जेलमध्ये विचारलं तर तू म्हणालीस, 'पोलिस येणार, मग काकू, मग आणखी कोण कोण येणार. कुणीतरी जेवेल म्हटलं.' मला ते पटलं. मीही तेच केलं असतं. तेव्हा मला माझीच थोडी भीती वाटली, हे तुला सांगितलं नव्हतं.

तू पहिल्याच मिनिटाला कबूल केलं होतंस, पण कुणालाच ते नको होतं. चौकीतल्या बाई हवालदाराने मला बाजूला घेतलं. 'मॅडम, बाईमाणूस एकटीनं असं करत नाय. यार कोन हाय ते सांगायला लावा, केस हलकी होईल.' कित्येक महिने ते तुझा यार शोधत होते. दूधवाला झाला, सायलीचा रिक्षावाला काका झाला, तुझ्या माहेरचा एक आतेभाऊ झाला. यार सापडेना तेव्हा तुझ्या वकिलाने दुसरी वाट काढली. त्या वेळी बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुला म्हणाले, 'कोर्टात रडा. पदर डोक्यावर घ्या आणि रडा.' तू पदर घेतलास. रडली नाहीस. समोरचा वकील तुझ्याकडे बोट करून म्हणाला, 'बघा, पोटच्या पोरीच्या बापाला मारलं आणि डोळ्यांत टिपूस नाही.' मी बाकावर बसून विचार करत होते, टिपूस असतं तर काय म्हणाला असता? नाटकी म्हणाला असता. शिक्षा शेवटी थोडी कमी झाली. डोकं ठिकाणावर नसल्याचं अर्धं मान्य झालं.

आईने मात्र तिसरंच काढलं. ती गावाला गेली आणि देवळात कौल लावला. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडची पडते की डावीकडची ते बघायचं. आईने विचारलं, 'माझ्या झिलाक सुनेन मारल्यान, की तिच्या आंगातल्या कोणी?' उजवी पडली. तू नव्हतीसच. वाटेवरचं काहीतरी तुला लागलं होतं, त्याने केलं.

मी हसले होते तेव्हा. लॅबच्या काउंटरवर रक्ताच्या नळ्यांना नावं चिकटवण्यात माझं आयुष्य गेलं. रक्त एकाचं आणि नाव दुसऱ्याचं लागलं की काय होतं ते मी पाहिलंय. पण या कौलाने एक गोष्ट झाली. तू सुटलीस तेव्हा तुला माहेरच्यांनी दार उघडलं नाही, आणि आईने उघडलं. ज्याने मारलं तो वेगळा आणि ही सून वेगळी, असं मानल्यावर तिला ते जमलं. मला हा सौदा बरा वाटला. डोक्यावर छप्पर आलं ना. तू म्हणालीस, 'मला घरात घेतलंय असं वाटत नाही गं. दुसऱ्याच कुणाला तरी घेतलंय.'

जेलच्या भेटीची ती रांग आठवते? पुरुषांच्या बाजूला आया, बायका, बहिणी, कडेवर पोरं, जत्राच. बायकांच्या बाजूला मी, आणि कधीतरी एखादा म्हातारा बाप. 'तुम्ही कोण त्यांच्या?' 'नणंद.' 'म्हणजे ज्याला मारलं त्याची...?' 'हो. बहीण.' मग लिहिणारा मान वर करून माझ्याकडेही तसंच बघायचा. मी का यायचे ते मलाही नीट सांगता येणार नाही. दादाने मला सायकल शिकवली होती. दादाने तुझं मनगट मोडलं होतं आणि तुला घेऊन मीच दवाखान्यात गेले होते. दोन्ही माझ्याच डोळ्यांदेखत झालं.

आपल्या बिल्डिंगमध्ये मंग्याभाऊ आहे. पार्किंगच्या भांडणात त्याने एकाच्या पोटात चाकू घातला, माणूस मेला, तोही आत जाऊन आला. गेली काही वर्षं मंडळाचा अध्यक्ष आहे. गणपतीत त्याच्या हातचा प्रसाद सगळे घेतात. 'राग आला त्याला, काय करणार? गरम डोक्याचा आहे.' त्याच्यासाठी कुणी कौल लावला नाही. पुरुषाला राग येतो. तुला मात्र काहीतरी 'लागलं'.

तू परत आलीस तोवर चाळ पडून तिथे टॉवर झाला होता. आईचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये तू शिरलीस की आतल्या बायकांना काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि त्या बाहेर पडायच्या. दोन-तीनदा झालं, मग तू जिना धरलास. कायमचा. त्या जिन्यावर दुसरं कुणीच नसतं. सिमेंटचा वास, अर्ध्या मजल्यांवर गेलेल्या ट्यूब, आणि खालून वर येणारा तुझ्या चपलांचा आवाज. पोळीभाजी केंद्रातून दिवेलागणीला तू परत यायचीस तेव्हा लोक म्हणे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आणि दर अमावस्येला आईचं ताट. भात, तिखट सार, तळलेल्या बांगड्याची तुकडी, लिंबाची फोड. 'ज्याने केलं त्याचं' म्हणून ते सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या वळणावर ठेवायचं. दार लावायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि तिची मालिका संपेपर्यंत उघडायचं नाही. उघडलं की वळणावर ताट उपडं पडलेलं असायचं. रिकामं. स्वच्छ. मांजर सातव्या मजल्यावर येत नाही, आणि आलं तरी ताट विसळून पालथं घालत नाही. वॉचमनने हे एकदा पाहिलं, आणि त्यानंतर त्या जिन्याला झाडूवाला मिळेना.

मग बायका यायला लागल्या. ज्या तुझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नव्हत्या त्याच, जिन्याच्या दाराआड उभ्या राहायच्या. मी एकदा तुझ्यामागून चढत होते. पाचव्या मजल्यावरची ती नव्या लग्नाची मुलगी अंधारातून पुढे आली. हातात नवऱ्याचा रुमाल.

'काकी, नुसता हात लावा ना.'

'कशाला?'

'तुमच्यात ते आहे ना. त्याला सांगा, फक्त घाबरवायला. मारायला नाय.'

तिची एक भुवई सुजलेली होती. तू पिशवी खाली ठेवलीस. म्हणालीस, 'माझ्यात काही नाही गं. पिठाचे हात आहेत. माहेरी जा. नाहीतर चौकीत जा. ये, मी येते तुझ्याबरोबर.' ती जी पळाली! रुमाल तिथेच पडला. तू तो उचलून, घडी करून तिच्या दाराच्या कडीला लावलास. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर झालं की तू त्या नवऱ्यावर काहीतरी केलंस. नवरा तेवढ्यापुरता खरंच नरम झाला म्हणे. तुला हसू आलं आणि मला नाही. 'बघ,' तू म्हणालीस, 'माझ्यापेक्षा त्याचा वट जास्त आहे.'

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. सायलीचं नसतं तर.

सायली माझ्याकडे वाढली. आजीकडे गेली की दर अमावस्येला तिच्या दंडावर काळा दोरा बदलायचा. तुला लागलेलं लेकीला लागू नये म्हणून. पोरगी हुशार, अंधेरीच्या ऑफिसात चांगलं काम, तोंडाने तिखट. पण कधी राग आला की एकदम गप्प होऊन उठून जायची. मी समजायचे, शहाणी आहे. गेल्या वर्षी तिने त्या चांगल्या मुलाला नाही सांगितलं. मी झापलं, 'नक्की कसली वाट बघतेयस?' तेव्हा म्हणाली, 'आत्या, लग्नानंतर भांडणं होणारच ना? मला राग आला आणि ते आलं तर?' मग हळूच म्हणाली, 'तुझ्या घरी पाटा-वरवंटा का नाही, मला कळतं. थँक्यू.'

वहिनी, मिक्सर आहे म्हणून वरवंटा नाही. पण पोरीने तेही आपल्यावर घेतलं होतं.

मी तुला येऊन सांगितलं. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, 'आता तरी सांग तिला.'

'तूच सांग ना.'

'सांगितलं. तीनदा सांगितलं. मी तोंड उघडलं की तिला वाटतं तेच बोलतंय. आजीने शिकवलंय तसं. माझ्या तोंडाला काय किंमत? तू त्याची बहीण आहेस. तू म्हणालीस तर ती मानेल.'

'काय म्हणू? तुझ्या आईने दुपारभर विचार करून तुझ्या बापाला मारलं? वेडी झालीयस का? तोंड नाही बघणार ती तुझं.'

'नको बघू दे. माझा द्वेष करू दे तिला. स्वतःला घाबरू नको दे.'

मी म्हटलं, आई ऐंशीच्या पुढे आहे, तिच्या घरात बसून हे बोललो तर तुला राहायला जागा राहणार नाही. हे व्यवहाराला धरून होतं. आजही मी ते चूक म्हणणार नाही. तू म्हणालीस, 'तुझं नेहमी घराचंच.'

त्यानंतरच्या अमावस्येला लिफ्ट बंद होती. मी जिन्याने चढत होते. सहाव्याच्या वर वळले तर पायरीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. ट्यूब नव्हती. आधी फक्त आवाज ऐकू आला, भात कालवण्याचा, बोटं चाटण्याचा. खोटं कशाला बोलू, मीही त्याच आईची मुलगी, मी 'देवा रे' म्हणाले.

'ये, बस,' तू म्हणालीस. 'तुकडी अर्धी राहिलीय. खातेस?'

ताट तुझ्या मांडीवर होतं. इतकी वर्षं आम्ही तुला विचारायचो, अमावस्येला जेवत का नाहीस, आणि आई म्हणायची, 'ता जेवूक देईना तिका.' तू बाटलीतलं पाणी घालून ताट विसळलंस, पाणी कोपऱ्यातल्या मोरीत ओतलंस, ताट उपडं घातलंस. अगदी त्या वरवंट्यासारखं, जागेवर.

'हे गं काय, वहिनी?'

'ज्याने केलं त्याचं ताट आहे ना? मग माझंच आहे. दुसऱ्या कुणाला कशाला देऊ?'

मी तुझ्याशेजारी बसले. तू विचारलंस, जसं प्रत्येक भेटीत विचारायचीस, 'शुभे, तुझ्या दादाला कुणी मारलं?' आणि मी नेहमीचं बोलले, 'जाऊ दे ना आता.' वर आईच्या मालिकेचं शेवटचं गाणं लागलं होतं. तू उठलीस, साडी झटकलीस आणि घरात गेलीस, 'भूक नाही' म्हणायला.

नंतर तो ताप. पाच-सहा दिवसांत आटोपलंच सगळं.

परवा अमावस्या झाली. सायली आणि मी आईकडेच होतो. दुपारी पाहते तर आई ओट्याशी उभी, बांगड्याला हळद-मीठ लावतेय. मी म्हटलं, 'आई, आता हे कुणासाठी? पुरे.'

'अमावाशा आसा.'

मग मी बोललेच. बोलायचं ठरवलं नव्हतं. 'आई, तिथे काही येत नव्हतं. ते ताट वहिनी जेवायची. मी डोळ्यांनी बघितलंय.'

सायली दारात उभी होती. आईने मान वर केली नाही. तुकडी उलटवली.

'माका म्हायत होता,' ती म्हणाली.

मी गॅस बारीक केला.

'कधीपासून?'

'पयल्या म्हयन्यापासना. भूत काय ताट विसाळता? तीच विसाळी.' मग थांबून म्हणाली, 'झिलाक मारल्यान तिना. तिका माज्या हातान पानात कशी वाढू? आणि उपाशी तरी कशी ठेवू? म्हणान भायर ठेवत होतंय.'

मला इतकी वर्षं वाटत होतं की आई काहीतरी आंधळं मानतेय आणि मी डोळस आहे. दोघींनी तेच केलं होतं. तुला जेवू घातलं, आणि तुझं नाव तेवढं काढून ठेवलं.

सायली दारातून आत आली. 'म्हणजे तिथे कुणीच नव्हतं?'

'होती ना,' मी म्हटलं. 'तुझी आई होती. सायले, नीट ऐक. तुझ्या बाबाला तुझ्या आईने मारलं. अंगात काही नव्हतं, डोकं ठिकाणावर होतं. त्या सकाळी त्याने तुला मारलं, आणि दुपारभर विचार करून तिने ठरवलं. बरोबर की चूक ते तू ठरव. तो माझा भाऊ होता, मला अजून ठरवता येत नाही. पण केलं तिने. ती गेली, आणि जे होतं ते तिच्याबरोबर संपलं. तुझ्यात यायला मागे काही उरलेलं नाही.'

ती रडली नाही, तुझीच ती. दिवेलागणीला आईने ताट वाढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, 'आज तिच्या नावान ठेव.' मी वळणावर ठेवलं. नाव घेतलं, मोठ्याने, जिना घुमेल इतकं. घरात आले, दार लावलं, आईने टीव्ही लावला.

मालिका मध्यावर आली तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. खालून वर येणाऱ्या, सावकाश, सहाव्यानंतर थांबलेल्या. आईने माझ्याकडे बघितलं. मी रिमोट घट्ट धरला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की सायली कधीची उठून खाली दूध आणायला गेली होती. लिफ्टने गेली होती.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि ताट उपडं घातल्याचा.

दार उघडून सायली आत आली. तोंडाला साराचा लाल डाग. 'जेवले मी,' ती म्हणाली. 'आईच्या जागेवर बसून. तिचंच ताट ना?' मग दुधाची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, 'पण आत्या, तुकडी नव्हती.'

'मी घातलेलंय,' आई म्हणाली.

'घातली होती. मी स्वतः ताट नेलं,' मी म्हटलं.

'नव्हती. काटाही नव्हता.'

सातव्या मजल्यावर मांजर येत नाही हे वर मीच लिहिलंय. तरी मी म्हटलं, 'मांजर असेल.'

सायली हसली. कात्री शोधून तिने दंडावरचा दोरा कापला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बॅग खांद्याला लावली. 'आईच असेल,' ती म्हणाली. 'तिला बांगडा आवडायचा.' सहज म्हणाली, खाली भाजी घेताना कुणी भेटल्यावर सांगावं तसं.

दादाला कुणी मारलं, वहिनी? तू मारलंस. तू.

मी दारापर्यंत गेले. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, दार उघडं, आत उजेड. सायली तिच्यासमोरून पुढे गेली आणि त्या अंधाऱ्या जिन्याने एकटी खाली उतरली.